आळी तं आळीच ऱ्हायनी ना?

जुलै २०१८. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठावरच्या एका गावातली माध्यमिक शाळा. त्या वर्षी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक बदललं होतं, आणि भाग दोनचं पहिलंच प्रकरण होतं 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. बाहेर पावसानं ओढ दिली होती. ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांचा कापूस वीतभर वर आला होता, बाकीच्यांचा उगवून थांबला होता. हे प्रकरण त्या वर्गातलं आणि त्या शेतातलं आहे. मी तिथे विज्ञान शिकवत होतो. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण त्यांना विचारून मी हे लिहीत नाही.

आधीचा हंगाम आठवल्याशिवाय हे कळायचं नाही. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. बोंड बाहेरून हिरवंगार, हातात घेऊन फोडलं की आत किडकी सरकी आणि पिवळी पडलेली कवडी. दिवाळीनंतरची वेचणी म्हणजे मजुरीही निघत नव्हती. कित्येकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला, गुरं सोडली. पंचनामे झाले. आणि ज्या जानेवारीत लोक पऱ्हाटी उपटत होते, त्याच जानेवारीत केंद्रातले तेव्हाचे शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही, शाळेत हे शिकवणं बदलायला हवं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला. आमच्या गावात त्या निवेदनाची कोणी दखल घेतली नाही. मंत्र्यांचं वाक्य मात्र मोबाइलवरून घरोघरी पोचलं होतं.

वर्गात पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं तेच विचारलं. "सर, कोणी पाहिलंच नाही तर आपण ते मार्कांसाठी लिहायचं का?" प्रश्न खोडसाळ नव्हता. ती वर्गातली सगळ्यात नीट वही ठेवणारी मुलगी. तिचे वडील, गाव त्यांना आप्पा म्हणतं, चार एकराचे कापूस उत्पादक आणि माळकरी. वैशाखात अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिच्या रथाला ते कधी चुकत नाहीत.

मी तिला म्हणालो, "पाहिलं नाही असं कसं? तुझ्या वडिलांनी गेल्या वर्षी पाहिलं. चार एकरात पाहिलं."

त्या दिवशी मला हे उत्तर फार चांगलं वाटलं होतं.

मी वर्गात जे सांगितलं

बीटी कापसाला आपल्याकडे मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. जमिनीत राहणाऱ्या एका जिवाणूचं, बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं, जनुक त्यात घातलेलं असतं. त्यामुळे झाडात एक प्रथिन तयार होतं. अळीनं पान किंवा बोंड खाल्लं की ते तिच्या आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक रेणूंना जाऊन चिकटतं, अस्तराला भोकं पडतात, अळी मरते. २००६ मध्ये अशी दोन प्रथिनं असलेलं वाण आलं. पहिल्या प्रथिनाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातमध्ये २०१० मध्ये जाहीर झालं, तेही तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीकडूनच. पुढच्या पाच-सात वर्षांत दुसऱ्याचीही तीच गत झाली.

हे कसं झालं ते दाखवायला मी तूर आणि हरभऱ्याचे दाणे घेतले. प्रत्येक पतंगाजवळ दोन दाणे, एक आईचा, एक बापाचा. हरभरा म्हणजे साधं जनुक, तूर म्हणजे बदललेलं. दोन्ही दाणे तुरीचे असतील तरच अळी बीटी खाऊन जगते. एक जरी हरभरा असला तरी मरते. अशा दोन तुरीवाल्या अळ्या सुरुवातीला लाखांत एखादीसुद्धा नसतात. पण सगळं शिवार बीटीचं असलं की जगतात त्या तेवढ्याच. मग त्यांना जोडीदार मिळतो तोही तसाच, दोन तुरीवाला. त्यांची सगळी पिलं जगतात. मुलांनी सहा पिढ्या टेबलावर मांडल्या आणि ढीग तुरीनं भरला.

मग मी दुसरा डाव मांडला. शेताच्या कडेला काही ओळी बिनबीटी कापसाच्या ठेवल्या. तिथे हरभरेवाल्या अळ्या सुखानं वाढतात, हजारोंनी पतंग होतात. बीटीतून वाचलेल्या एखाद्या तुरीवाल्याला जोडीदार मिळतो तो बहुतेक यांच्यातलाच. पिलं एक तूर, एक हरभरा अशी होतात आणि बीटीवर मरतात. म्हणूनच साडेचारशे ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत एकशेवीस ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी येत असे. ती कडेनं पाच ओळी लावायची असे. गावात ती पुडी कुठे गेली हे मुलांनीच सांगितलं. कोणी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरली, कोणी बांधावर फेकली, कोणाच्या घरात ती अजून आढ्याला खोचलेली होती.

मुलीनं सगळं वहीत उतरवलं आणि घरी जाऊन वाचून दाखवलं.

आप्पा शाळेत आले

ते शनिवारी आले, सकाळची शाळा सुटल्यावर. सोबत त्यांचा पुतण्या होता, पुण्यात नोकरी करणारा इंजिनीअर, सुट्टीवर आलेला. आप्पा बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली, आणि आधी माझं कौतुक केलं. पोरीला समजलं म्हणाले, मलाही समजलं म्हणाले. मग म्हणाले, "पन सर, आळी तं आळीच ऱ्हायनी ना? आळीनी चिडी तं काई व्हयनी नही." म्हणजे अळी अळीच राहिली, तिची चिमणी काही झाली नाही.

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याजवळ उत्तर नाही.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते, म्हणून इथे थांबतो. आम्ही विज्ञानाचे शिक्षक उत्क्रांतीसाठी जी उदाहरणं देतो, कीटकनाशकाला न जुमानणारी अळी, औषधाला न जुमानणारे जंतू, ती उदाहरणं खरी आहेत. पण 'बुद्धिमान रचना', म्हणजे सजीव कोणा बुद्धिमान कर्त्यानं रचले असा विचार, मांडणारे लोक ती नाकारतच नाहीत. अमेरिकेत या विचाराची मांडणी करणारे जीवरसायनतज्ज्ञ मायकेल बीही तर सजीवांचे पूर्वज समान आहेत हेही मान्य करतात. त्यांचा आक्षेप पुढचा आहे. लहान बदल निवडीनं होतात, पण अनेक भाग जुळून चालणारं यंत्र असं तुकड्यातुकड्यानं बनू शकत नाही, असं ते १९९६ पासून सांगत आले आहेत. त्यांचं लाडकं उदाहरण जिवाणूच्या शेपटीचं, आणि समजावून सांगायला उंदराचा सापळा. एक तुकडा काढा, सापळा निकामी. म्हणजे अळीचं उदाहरण देऊन मी ज्याला हरवलं होतं तो माणूस समोर नव्हताच. आप्पांनी, ज्यांनी बीहींचं नाव कधी ऐकलं नाही, नेमकं तिथेच बोट ठेवलं.

पुतण्यानं त्याहून धारदार मुद्दा काढला. त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं. "सर, तुम्हीच म्हणताय की अळीच्या आतड्यातला तो रेणू बिघडला म्हणून प्रथिन चिकटत नाही. म्हणजे काहीतरी मोडलं. कुलूप मोडता येतं म्हणून कुलूप आपोआप बनतं हे कसं सिद्ध होतं?"

आप्पांनी तिसरी गोष्ट सांगितली, ती गावातली होती. "लोक तं सांगतस, कंपनीनीच सोडी दिनी आळी. औषध खपाले पायजे ना." बियाणं ज्यानं बनवलं त्यानंच अळीही बनवली असेल, असा त्याचा अर्थ.

मी त्यांना आठ दिवस मागितले. आप्पा उठताना म्हणाले, "आनी बठ्ठं आपोआप व्हयनं, तं मंग बनाडनारा कोन से?" सगळं आपोआप झालं तर मग बनवणारा कोण, असं. मी त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो.

गावातली अफवा हीसुद्धा एक 'रचना' होती

त्या आठ दिवसांत मी सर्वांत जास्त विचार केला तो अफवेचा, आणि मला वाटतं या प्रकरणाची किल्ली तिच्यातच आहे.

'कंपनीनं अळी सोडली' हे विधान म्हणजे बुद्धिमान रचनेचंच विधान आहे. कोणीतरी हेतू ठेवून, हातानं केलं असं ते सांगतं. हे विधान अवैज्ञानिक नाही. उलट ते तपासता येतं, कारण त्यात करणारा कोण, कधी, कशानं आणि कशासाठी हे सगळं आहे. प्रयोगशाळेत तयार करून सोडलेली अळी असती तर तिच्यात एकच बदल, एकाच जागी, एकाच तऱ्हेचा सापडला असता, जसा एका साच्यातून पडलेल्या विटांवर एकच ठसा असतो. आपल्याकडच्या प्रतिकारक्षम बोंडअळ्यांच्या आतड्यातल्या त्या रेणूचं, कॅडहेरिनचं, जनुक शास्त्रज्ञांनी उघडून पाहिलं. २०१४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. त्यांना आठ नवे बिघाड सापडले, प्रत्येक वेगळा. कुठे तुकडा गळालेला, कुठे भलताच तुकडा शिरलेला. अमेरिकेत प्रयोगशाळेत वाढवलेल्या अळ्यांमध्ये सापडले होते त्यांपेक्षाही हे निराळे. एखाद्या गावात आठ घरांची कुलपं आठ तऱ्हांनी मोडलेली दिसली तर एकाच चोराकडे एकच किल्ली होती असं आपण म्हणत नाही. आधी आपोआप, जागोजागी, निरनिराळे बिघाड होत होते, आणि बीटीनं त्यांतले जगणारे निवडले. शिवाय ही अळी काही नवी आलेली नाही. भारतातल्या कापसावरच्या नमुन्यांवरूनच १८४३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं होतं.

अफवा खोटी ठरली, पण ती तपासता आली हे मला मोलाचं वाटलं.

आता त्याच पारड्यात बियाणं ठेवा. बीटी कापूस ही निःसंशय रचना आहे, माणसाची. ती कशावरून ओळखतात? प्रयोगशाळेत सरकी दिली तर त्यात जिवाणूचं जनुक सापडतं, ते चालू ठेवायला फुलकोबीवरच्या एका विषाणूतून घेतलेला तुकडा सापडतो, खूण म्हणून घातलेलं प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक सापडतं. आणि कापसाच्या कोणत्याच रानटी भाऊबंदात मुळात यातलं काही नाही. दूरच्या तीन जिवांमधले तुकडे मधल्या कोणत्याही पूर्वजाशिवाय एका ठिकाणी येऊन बसलेले. हाताची खूण अशी असते. रचना ओळखणं विज्ञानाला वर्ज्य नाही. उत्खनन करणारा दगडी पातं आणि साधा दगड वेगळे करतो, पोलीस घात आणि अपघात वेगळे करतात. पण त्या प्रत्येक ठिकाणी करणाऱ्याचा हात, हत्यार, सवय आपल्याला माहीत असते. अमेरिकेतली बुद्धिमान रचना मात्र रचना सांगते आणि रचनाकाराबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही असं ठरवून ठेवते. तो कोण, त्यानं कधी केलं, कशानं केलं, एकदाच की वारंवार, यातलं काहीच न सांगितल्यामुळे कोणतीही अळी, कोणतंही झाड त्या विधानात बसतं. गावच्या अफवेइतकीही जोखीम ते विधान घेत नाही.

कुलूप, सापळा आणि कापसाचं झाड

पुतण्याचा मुद्दा मात्र असा सुटत नव्हता. तो बरोबर होता. बोंडअळीचा प्रतिकार हा बिघाडातून आलेला आहे. दुसऱ्या प्रथिनाविरुद्धचा प्रतिकारही एका वाहक प्रथिनाचं जनुक मोडण्यातूनच आल्याचं त्याच वर्षी पुढे दिसलं. मी दुसऱ्या शनिवारी सुरुवातीलाच सांगितलं की हे मी मान्य करतो, आणि हे उदाहरण देऊन मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

उत्तर शोधायला मला अळी सोडून तिच्या खालच्या झाडाकडे जावं लागलं.

आपल्याकडे दोन कापूस. आजोबांच्या काळातला देशी, आखूड धाग्याचा. त्याच्या पेशीत २६ गुणसूत्रं. आणि आज सगळीकडे लावतात तो अमेरिकन, त्यात ५२. दोन्ही शेजारी लावा आणि हातानं परागीकरण करून संकर घडवा, तर ३९ गुणसूत्रांचं झाड मिळतं आणि ते वांझ निघतं. म्हणजे नुसत्या दोन जाती नव्हेत, मधे भिंत आहे. पण अमेरिकन कापसाची ५२ गुणसूत्रं नीट पाहिली तर त्यातली निम्मी देशी कापसाच्या घराण्यातली आहेत आणि निम्मी अमेरिकेतल्या रानटी कापसाच्या घराण्यातली, ज्याला सूत काढण्याजोगा धागाच नसतो. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी दोन घराण्यांचा संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट झाली, आणि वांझ व्हायचं ते झाड फळतं झालं. हा नुसता अंदाज नाही. १९४० मध्ये बीस्ली या शास्त्रज्ञानं आशियाई कापूस आणि अमेरिकेतला रानटी कापूस यांचा संकर केला, कोल्चिसिन या रसायनानं त्याची गुणसूत्रं दुप्पट केली. तयार झालेलं झाड अमेरिकन कापसाशी जुळलं आणि त्याला बी धरलं.

"अळी अळीच राहिली" याला हे उत्तर आहे. नवी जात बनली. कशी बनली ते तिच्या पेशीत लिहिलेलं आहे. आणि ते वाचून माणसानं तो टप्पा पुन्हा करून दाखवला.

पुतण्या म्हणाला, "पण त्यानं हातानं केलं ना? मग ती रचनाच झाली."

प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, चुलीत लाकूड पेटवून आपण आग कशी लागते ते दाखवतो, त्यावरून वणवा कोणीतरी हातानंच लावला असं होत नाही. बीस्लीनं दाखवलं ते एवढंच की या वाटेनं जाता येतं. निसर्ग त्या वाटेनं गेला याचा पुरावा वेगळा आहे, तो गुणसूत्रांच्या जोड्यांत आहे. जे काम तो कोल्चिसिननं करतो, ते रानात कधीकधी पेशी विभागताना आपोआप चुकून होतं. गव्हाचंही असंच झालेलं आहे.

आणि दुप्पट झाल्यावर काय होतं ते सापळ्याच्या उदाहरणाला लागू पडतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती झाल्या की एक जुनं काम चालू ठेवते आणि दुसरी मोकळी असते. तिच्यात बदल झाला तरी झाड मरत नाही. काही प्रती सडतात, काही नव्या कामाला लागतात. ज्या घराण्याला धागा नाही त्याच्याकडून आलेली काही जनुकंही आज अमेरिकन कापसाच्या धाग्याच्या गुणांना हातभार लावतात. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ पासून जिवाणूंच्या बारा वसाहती पिढ्यानपिढ्या वाढवल्या. त्यातल्या एका वसाहतीत तीस हजारांहून जास्त पिढ्यांनंतर जिवाणू हवा असताना सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लापासूनचा पदार्थ, खायला शिकले, जे ती जात करत नाही. तिथेही जनुकाचा तुकडा दुप्पट होऊन नव्या जागी बसला होता आणि त्याला चालू करणाऱ्या दुसऱ्या तुकड्याखाली आला होता. शेपटीच्या यंत्राचंही तसंच. त्याच्या बुडाशी असलेले बरेचसे भाग काही जंतूंमध्ये दुसऱ्याच कामाला आहेत, विष टोचण्याच्या सुईसारखे. एक तुकडा काढला तर सापळा म्हणून निकामी होईल, पण उरलेलं दुसऱ्या कशाला तरी उपयोगी पडू शकतं. घरी खाटेचा मोडका पाय कुंपणाला लागतो, त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही.

हे सगळं २००५ मध्ये अमेरिकेतल्या डोव्हर गावच्या शाळेच्या खटल्यात कोर्टापुढे आलं होतं. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबरला १३९ पानांचा निकाल दिला आणि बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही, ते विज्ञानाच्या तासाला शिकवू नये असं ठरवलं. मी हे आप्पांना सांगितलं, पण त्यावर जोर दिला नाही. शाळेत काय शिकवायचं हे कोर्ट ठरवू शकतं. कापसाची गुणसूत्रं किती हे मोजूनच ठरतं.

कुंभार आणि वारूळ

आप्पांचा चौथा प्रश्न उरला होता, बनवणाऱ्याचा. तो विज्ञानाच्या तासाचा नव्हता. पण टाळला असता तर बाकीचं सगळं वाया गेलं असतं, कारण त्यांना खरं तेच विचारायचं होतं.

लोक समजतात तसा हा वाद इंग्लंड-अमेरिकेतून आपल्याकडे आलेला नाही. १८०२ मध्ये इंग्लंडमधले धर्मगुरू विल्यम पेली यांनी माळावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला दिला, घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी आहे. डार्विनला तरुणपणी तो युक्तिवाद फार आवडला होता. पण दहाव्या शतकात, पेलीच्या आठशे वर्षं आधी, न्याय दर्शनाच्या उदयनाचार्यांनी हाच युक्तिवाद कितीतरी बारकाईनं मांडून ठेवला आहे. जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता लागतो, जसा घड्याला कुंभार. शंकराचार्यांनीही सांख्यांविरुद्ध हाच दाखला वापरला. घर, महाल, शय्या ही शहाण्या कारागिराशिवाय होत नाहीत, मग अचेतन प्रकृतीनं हे जग कसं रचलं? अमळनेरला प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं ते मुख्यतः वेदान्ताच्या अभ्यासासाठी. म्हणजे हा प्रश्न आमच्या तालुक्याच्या गावी शंभर वर्षं मुक्कामाला आहे.

आणि त्याचं उत्तरही इथलंच आहे. सातव्या शतकात धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञानं विचारलं की घडा मातीचा आहे म्हणून त्याला कुंभार आहे असं म्हणाल, तर वारूळही मातीचंच आहे. त्यालाही कुंभार आहे का? घड्यामागे कुंभार आहे हे आपण घडा 'मातीचा' आहे म्हणून म्हणत नाही. कुंभाराला घडे करताना पाहिलेलं आहे म्हणून म्हणतो. ज्या तऱ्हेच्या वस्तूमागे कर्ता पाहिला, त्या तऱ्हेपुरतंच अनुमान चालतं.

आमच्या शाळेच्या मागच्या बांधावर एक वारूळ आहे, पुरुषभर उंच. मी आप्पांना आणि पुतण्याला तिथे घेऊन गेलो. त्याला नळ्या आहेत, आत हवा खेळते. आम्ही तिघंही बराच वेळ तिथे उभे होतो. ते कोणत्या एका वाळवीच्या डोक्यात नकाशा म्हणून नाही हे आप्पांनीच म्हटलं. मी नाही.

मग मी त्यांना रामानुजाचार्यांचं मत सांगितलं. देवाची भक्ती ज्यांनी इतकी वाढवली त्या रामानुजांनीच स्पष्ट लिहिलं आहे की अशा अनुमानानं ईश्वर सिद्ध होत नाही, तो शास्त्रानंच कळतो. घडा आणि कुंभार यांच्या दाखल्यातून जो मिळेल तो फार तर कोणीतरी कारागीर असेल, कदाचित अनेक असतील, चुकणारेही असतील. पंढरीला ज्याच्यासाठी चालत जातात तो तसल्या हिशेबातून येत नाही. आप्पा यावर काही बोलले नाहीत. मला त्यांची श्रद्धा काढून घ्यायची नव्हती, आणि ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानंतर त्यांचा सूर मोकळा झाला.

"माले पटनं," ते म्हणाले, "पन अर्धंच." पहिला जीव कुठून आला हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं की निवडीचा सिद्धांत जीव असल्यानंतर सुरू होतो, पहिला जीव कसा झाला हा निराळा शोध आहे आणि तो चालू आहे. त्यांनी मान हलवली.

पुडी

मला जे म्हणायचं होतं ते मी शेवटी पुडीवर आणून ठेवलं, कारण ती त्यांच्या घरात होती.

नॉन-बीटीच्या ओळी लावायची अट २००२ मध्ये परवानगीसोबतच आली होती. तेव्हा गुजरातच्या शेतात बीटीला दाद न देणारी एकही अळी सापडलेली नव्हती. मग ती अट कोणी सांगितली? त्याच तूर-हरभऱ्याच्या हिशेबानं सांगितली. उत्क्रांती मानली तर पुढे काय होईल आणि ते लांबवायला काय करावं, हे आठ वर्षं आधी पाकिटात घालून शेतकऱ्याच्या हातात दिलेलं होतं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून बीटी लावली, ओळी राखल्या, आणि तिथे अळी दहा वर्षं दबून राहिली. पुढे त्यांनी वांझ केलेले पतंग विमानातून सोडले. आमचं हे बोलणं झालं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. एक जात, एक प्रथिन, दोन देशांत दोन निकाल. इथे मला राग येतो, आणि तो शेतकऱ्यावर नाही. ती पुडी कशासाठी आहे हे ज्यांनी गावोगाव बसून सांगायला हवं होतं त्यांनी सांगितलं नाही. आम्ही शिक्षकांनीही नाही. पुस्तकात उत्क्रांती होती आणि बांधावर पुडी पडली होती, दोन्ही एकच आहेत हे मी स्वतः वीस वर्षं शिकवून त्या जुलैपर्यंत मुलांना सांगितलं नव्हतं.

बुद्धिमान रचना मानणाऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाला २००२ मध्ये विचारलं असतं, तर त्यानं काय लावायला सांगितलं असतं? मी हे पुतण्याला विचारलं. तो विचार करून म्हणाला, "तोही ओळीच लावा म्हणाला असता, कारण लहान बदल तोही मानतो." बरोबर आहे. पण मग ते उत्तर त्याच्या रचनेतून आलेलं नसतं, डार्विनच्या हिशेबातून उसनं घेतलेलं असतं. त्याच्या स्वतःच्या विचारातून शेतात करायची एकही गोष्ट निघत नाही, चुकीचीही नाही. पुतण्यानं यावर हो म्हटलं नाही. मी बघतो, एवढंच म्हणाला. पुढे वर्षभर त्यानं मला कितीतरी लेख पाठवले, दोन्ही बाजूंचे.

आप्पांची त्या वर्षीची लागवड झालेली होती. पुडी लावायला उशीर झाला होता, आणि त्यांनी खरं तेच विचारलं जे मला वर्गातही कोणी विचारलं नव्हतं. "आता लाई काय उपेग? आळी हाटीच गयी ना?" आता लावून काय उपयोग, अळी तर बीटीला सरावलीच. आतापर्यंत दोन तुरीवालेच झाले असतील तर हरभरे आणणार कुठून? आणि एकट्यानं पाच ओळी लावून शेजारच्या पन्नास एकराचं काय, पतंग काही बांध पाहत नाही. माझ्याकडे याचं उत्तर अर्धवट होतं आणि मी ते तसंच सांगितलं. जिथे प्रतिकार पसरून गेला तिथे नुसत्या ओळींनी अळी पुन्हा नरम पडेल असं नाही. आता काम तिचं खाणं तोडण्याचं आहे. फरदड घ्यायची नाही, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे राखायचं नाही, डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढून शेत मोकळं करायचं, डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसल्या की तोडून नष्ट करायच्या, मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावून सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग येऊ लागले की मगच फवारणी. ही अळी जवळजवळ कापसावरच जगते. मधे चार-पाच महिने कापूसच नसला तर पुढच्या पिढीला खायला नाही.

त्यांनी एकरी दोन सापळे लावले. सकाळी सापळ्यातले पतंग मोजायचं काम मुलीनं घेतलं. विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानांवर तिनं तक्ता आखला होता, तारीख, सापळा क्रमांक, पतंग. सप्टेंबरमध्ये ती वही मी तपासायला घेतली तेव्हा एका रकान्यात पहिल्यांदा नऊ लिहिलेलं होतं, दुसऱ्या दिवशी अकरा, आणि तिसऱ्या दिवसाचा रकाना रिकामा. वही माझ्याकडे होती म्हणून. मी ती त्याच दुपारी तिच्या घरी नेऊन दिली.